झोप कुठं आली?

त्यांच्या पहिल्याच तासाला इनामदार सर वर्गात आले, खांद्यावरच्या कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, सगळ्यांना थोडी थोडी पानं वाटली आणि म्हणाले, "वाचा. जिथं झोप येईल तिथं पेन्सिलीनं निशाणी करा."

एवढंच! स्वतःचं नाव सांगितलं नाही, आमची विचारली नाहीत, विषयाची ओळख वगैरे काही नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढली, बसले आणि डोळे मिटले. दुपारची वेळ, नुकतेच डबे खाल्लेले, डोक्यावर नुसता आवाज करणारा पंखा. झोप तर आम्हाला कागद न देताही आली असती. पण आम्ही सगळे एकदम ताठ. एम.ए.चा पहिला दिवस आणि मास्तर झोपायला सांगतोय, म्हणजे यात नक्की काहीतरी गोम आहे!

थोड्या वेळानं सर उठले आणि एकेकाला विचारत निघाले.

"झोप कुठं आली?"

"नाही आली, सर."

"तुला कुठं आली?"

"छान लिहिलंय, सर."

माझ्यापाशी आले तेव्हा मी धडाधड सुरूच झाले. आशय, अभिव्यक्ती, लेखकाची जीवनदृष्टी, बी.ए.ला पाठ केलेलं होतं नव्हतं ते सगळं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, मी झोपेचं विचारलं."

शेवटच्या बाकावर गोरख बसला होता. शेंद्र्याच्या पलीकडच्या खेड्यातला, घरी मेंढरं, बोलायला एकदम कमी. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मला तिसऱ्याच ओळीवर आली. त्यो माणूस पार पणजोबाच्या पणजोबापासून सुरू झालाय."

वर्ग फुटला हसून. सर मात्र हसले नाहीत. चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले, गोरखचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या साहेब. वर्गात एक एडिटर आहे म्हणायचा."

तर असे आमचे रशीद इनामदार सर. मी त्यांच्याबद्दल कितीही वेळ बोलू शकते, आणि टाईप तर त्याहून जास्त वेळ करू शकते, म्हणून आधीच सांगते, मधेच भरकटले तर सांभाळून घ्या.

आमचा कोर्स म्हणजे संपादन, प्रकाशन आणि संज्ञापन. घरी हे तिन्ही शब्द समजावून सांगताना माझी वाट लागली होती. आमची शेती शेंद्र्याकडं, राहायला मुकुंदवाडीत, आणि पप्पा शेंद्र्यालाच कंपनीत मशिनवर. शिफ्टवरून आले, बूट काढता काढता त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पुस्तक काढायला यम्मे करावं लागतंय व्हय? मग इतके दिवस कोण काढत होतं?"

हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं (माझ्या पोटात काही राहत नाही). सर इतके खूश झाले! "वडलांना माझा सलाम सांग. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाय." आणि त्या दिवसापासून पप्पा आमच्या अभ्यासक्रमातच आले. सर कुठलाही उतारा घ्यायचे आणि म्हणायचे, "आता हिचे वडील डोळ्यांपुढं आणा. शिफ्ट करून आलेला माणूस. पाय दुखतायत, जेवण झालंय, हातात पुस्तक घेतलंय. त्याला झोपेपासून वाचवायचंय. हेच आपलं काम. बाकी सगळं प्रेसवाला करतो."

झोपेवर त्यांचा फार विश्वास. म्हणायचे, "मेंदू लई खोटारडा. लेखक मोठा आहे, वळखीचा आहे, त्याला बक्षीस मिळालंय, की मेंदू लगेच मान डोलावतो. झोपेला कुणाची भीड नाय. ती बरोब्बर जागा दाखवते."

उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं. छावणी भागातून एका जुन्या स्कूटरवर यायचे आणि ती स्कूटर लांबूनच खोकत यायची. आयुष्य गेलं गुलमंडीतल्या एका छोट्या प्रकाशनात, दुसऱ्यांची पुस्तकं नीट करण्यात. रिटायर झाल्यावर आमच्या विभागात शिकवायला लागले. शिकवताना मराठी एकदम इथली, लई आणि नायवाली, पण एखादं वाक्य आवडलं की गाडी दखनी उर्दूवर. "क्या बात लिखा है रे! ह्याला हात लावू नको. हात लावला तर बोटं मोडतील तुझी." सगळ्यांना नावं ठेवलेली. मी टायपिंग जोरात करायचे म्हणून मी एक्सप्रेस. "मुकुंदवाडी स्टेशनला एक्सप्रेस थांबत नाय म्हणतात. थांबंल कशी, ही तिथनंच सुटतीय."

आणि त्यांचा तो बाक! विभागाच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. हस्तलिखितावर बोलायचं झालं की लेखक आणि संपादक त्या बाकावर शेजारी शेजारी बसणार, मधे कागद, दोघांच्या हातात चहा. समोरासमोर बसलेलं सरांना चालायचं नाही. "समोर बसतो तो वकील. शेजारी बसतो तो एडिटर. दोघांनी एकाच बाजूनं कागदाकडं बघायचं." आणि चहा संपायच्या आत खरं काय ते बोलून टाकायचं, हा नियम. चहा संपल्यावर बोललेलं सर ऐकून घ्यायचेच नाहीत. "आता तू शब्द जुळवून आणलेस. जा."

आम्ही एकमेकांचे निबंध, कथा, बातम्या घेऊन त्या बाकावर किती भांडलो असू! एक मुलगी तर रडत घरी गेली होती. सरांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी छावणीतल्या बेकरीतून नानखटाई आणली, पण तिच्या कथेतलं ते पान मात्र परत घालू दिलं नाही.

दर वर्षी शेवटच्या सत्रात बॅचनं एक खरं पुस्तक काढायचं, अशी आमच्याकडं पद्धत. खरं म्हणजे खरंच, हस्तलिखित मिळवण्यापासून प्रेसमध्ये उभं राहण्यापर्यंत सगळं मुलांनी करायचं. आमच्या वर्षी ठरलेल्या लेखकानं ऐनवेळी नाही म्हणून सांगितलं. सगळे हवालदिल. आणि तेव्हा आमच्या विभागप्रमुख मॅडम सहज बोलून गेल्या, "इनामदार सरांचं स्वतःचं आहे की लिहिलेलं. कित्येक वर्षं कपाटात आहे."

आम्ही सगळे सरांच्या मागे लागलो. सर नाही म्हणाले, मग परत नाही म्हणाले, आणि मग एक दिवस लाल कापडात बांधलेला गठ्ठा घेऊनच आले. बाकावर ठेवला. म्हणाले, "दोन गोष्टी. एक, डॉक्टर म्हणतोय उजवा डोळा गेल्यात जमा आहे, काचबिंदू. डावा पण सुट्टीवर जायच्या तयारीत. म्हणून मला हे पुस्तक यंदाच बघायचंय, पुढच्या साली नाय. दुसरी गोष्ट, ह्या गठ्ठ्यापुरता मी सर नाय. मी लेखक. आणि लेखकाशी कसं वागायचं ते मी तुम्हाला शिकवलंय."

टायपिंग अर्थातच माझ्याकडं आलं.

आणि काय होतं ते! सरांचे अब्बा कातिब होते. म्हणजे उर्दू छापखान्यासाठी मजकूर हातानं सुंदर अक्षरात लिहून द्यायचा, मग तो दगडावरून छापायचा, असं ते काम. निजामाच्या काळात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, कचेऱ्यांमधून हळूहळू उर्दू गेली आणि छापखान्यांची कामंही गेली. घरात बोरू आहेत, शाई आहे, हातात अक्षर आहे, आणि लिहायला काही नाही. मग रशीद शाळेत जायला लागला, मराठी शाळेत. तो घरी येऊन पाटीवर अ काढायचा आणि त्याच्या शेजारी बसून, त्याच पाटीवर, चाळिशीतले अब्बा अ काढायचे. बापलेक एकाच पाटीवर मराठी शिकले! पुढं अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. उर्दू अक्षराची सवय हातात मुरलेली, त्यामुळं त्यांची शिरोरेषा सरळ जायचीच नाही, शेवटाला थोडी वर चढायची. छावणीत एका पिठाच्या गिरणीवर अजून तशी एक पाटी आहे. मी मुद्दाम जाऊन बघितली. खरंच चढते.

ते टाईप करताना मी दोनदा रडले आणि एकदा आईला स्वयंपाकघरातून ओढून आणून वाचून दाखवलं.

पण मग अर्ध्यावर अब्बा वारले. म्हणजे पुस्तकात. आणि पुढं सर सुरू झाले. सरांची नोकरी, सरांनी कोणाकोणाची पुस्तकं सुधारली, कोणत्या साहित्यिकानं त्यांना काय म्हटलं, संमेलनं, सत्कार, सत्काराला दिलेली उत्तरं. मला डोळ्यांनी झोप नाही आली, माझी बोटंच मंदावली. माझी! एक्सप्रेसची! मी दोन ओळी टाईप करायचे आणि मोबाईल बघायचे.

मी सगळ्यांना प्रती काढून दिल्या आणि आठवड्यानं आम्ही बाकापाशी जमलो. सर मधोमध बसले होते. शर्ट नवा होता, एवढं मला आठवतंय. चहा आला. सरांनी कप हातात घेतला, आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि विचारलं, "हं. झोप कुठं आली?"

आम्ही सगळ्यांनी घाईनं कप तोंडाला लावले.

"कुठंच नाही, सर," एक जण म्हणाला.

"एका बैठकीत वाचलं, सर."

"अप्रतिम, सर."

मी म्हणाले, "अब्बांचा भाग तर..." आणि पुढं नुसतीच हसले. सरांनी शेवटी गोरखकडं बघितलं. गोरखनं सगळं वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, मला माहीत होतं. तो म्हणाला, "माझं वाचायचं राह्यलंय, सर."

सरांनी कप खाली ठेवला. एक घोटही घेतला नव्हता. "अच्छा," म्हणाले. "म्हणजे दोन वर्षं मी काय शिकवलं नाय." आणि उठून गेले. लांब जाईपर्यंत स्कूटरचा तो खोकला ऐकू येत राहिला.

कँटीनच्या मागं मी गोरखवर चिडले, "तू का नाही बोललास? तू तर कोणालाही बोलतोस!"

"माझ्यानं व्हणार नाय," तो म्हणाला. "त्या मान्सानं पयल्या दिवशी माझा हात हातात घेतलाय. समद्या वर्गासमोर. तू जा. तू टाईप केलंयस, तुला ओळ न् ओळ म्हाईत हाय."

म्हणून मी गेले. छावणीत त्यांच्या घरी, रविवारी सकाळी. दार चाचींनी उघडलं. सरांच्या बायकोला आम्ही सगळे चाचीच म्हणायचो. "आओ आओ, एक्सप्रेस! इनो अंदर मुंह फुलाके बैठे हैं, तीन दिन से." सर दिवाणावर होते. मी समोरच्या खुर्चीवर न बसता मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मांडीवर कागद घेतले. चाचींनी चहा आणून दिला. मी पहिला घोट घेतला, जीभ भाजली आणि बोलून टाकलं.

"सर, ज्या पानावर अब्बा नाहीत त्या पानावर मला झोप आली."

"म्हणजे कुठल्या?"

"अर्ध्यानंतरच्या सगळ्या."

मी काय, गप्प बसवतच नाही मला, पुढं बोलतच गेले. "सर, पुस्तक अब्बांचं आहे. ते गेले की संपतं. पुढचं दुसरंच कोणीतरी लिहिल्यासारखं वाटतं. सत्कार वगैरे... सर, माझ्या पप्पांना आणलं डोळ्यांपुढं. ते नाही वाचणार."

"दुसरंच कोणीतरी?" सरांचा आवाज एकदम चढला. मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. "माझं आयुष्य आहे ते! लोकांची पुस्तकं करता करता माझे केस पांढरे झाले, एकाही पुस्तकावर माझं नाव नाय. ते कुठंच लिहायचं नाय का मी? तुला काय कळतंय? कालची पोरगी तू! दोन पुस्तकं वाचली आणि निघाली कापायला!"

दोन वर्षं सर आम्हाला चिडलेल्या लेखकांच्या नकला करून दाखवायचे. हुबेहूब हेच वाक्य असायचं त्यात. कालची पोरगी, कालचा पोरगा. मला हसू येईना आणि रडूही येईना.

आतून चाचींचा आवाज आला, "इनकू सच्ची बात पूछने का बहुत शौक है, बेटा. सुनने का नहीं."

मी कागद दिवाणावर ठेवले आणि निघाले. पायऱ्यांपर्यंत चाची आल्या, हातात नानखटाईची पुडी कोंबली. म्हणाल्या, "डर मत. मेरेकू भी ऐसेच बोलते."

मग सरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तास घ्यायचे, पण माझ्या बाकाकडं बघायचे नाहीत. एक्सप्रेस हाक बंद. तिकडं प्रेसवाला फाईल मागायला लागला. सत्र संपत आलं. मॅडम म्हणाल्या, आहे तसं छापून टाकू या, सरांची इच्छा महत्त्वाची. आणि सरांनी एक शब्द टाकला असता तर छापलं गेलंच असतं. कोण अडवणार होतं? पण सर हो पण म्हणेनात आणि नाही पण म्हणेनात. वर्गात फळ्यावर लिहिताना ते हल्ली एका हातानं फळा चाचपायचे. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. मला वाटायचं, माझ्यामुळं ह्या माणसाचं पुस्तक त्याच्या डोळ्यांआधी जातंय.

आणि मग एक दिवस मी व्हरांड्यात आले तर सर बाकावर बसलेले, शेजारी लाल कापडातला गठ्ठा. पण गठ्ठा एवढासाच! मला हातानं खूण केली, बस. दोन चहा सांगितले.

"घे," म्हणाले. "अब्बा गेले, पुस्तक संपलं."

मी गठ्ठा हातात घेऊन तोलून बघितला. मी म्हणाले, "सर, बाकीचं?"

"बाकीचं कपाटात. चाचीला म्हणलं, वाचून दाखव बरं मला, डोळे चालत नायत. तिनं सत्काराचं प्रकरण वाचायला घेतलं." सरांनी चहाचा घोट घेतला. "मी स्वतःच झोपलो ना राव. माझाच सत्कार, आणि मीच घोरायला लागलो. मग काय करतो?" आणि असे हसले, असे हसले की चहा सांडला. मग जरा वेळानं एकदम हळू म्हणाले, "दुसऱ्याला काप म्हणणं लई सोपं असतंय, एक्सप्रेस. लेखकाला वेळ लागतो. एडिटरनं तेवढं थांबायचं. हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं, कारण मलाच म्हाईत नव्हतं."

शेवटची प्रूफं मी त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवली. सर नुकतेच तापातून उठले होते, अंगावर शाल, डोळे मिटलेले. मी वाचत होते. अब्बा बोरू तासायला बसतात, आणि मग सगळ्या पुस्तकातलं माझं सगळ्यात लाडकं पान येतं. खामकाठची, म्हणजे आमच्या खाम नदीच्या काठची संध्याकाळ. आकाशाचे रंग, पाण्यातून वर येणाऱ्या म्हशी, मशिदीतली अजान आणि लांबच्या देवळातली घंटा, चुलींचा धूर, असं वर्णन की बस! मी त्यातल्या चार ओळी स्टेटसला ठेवल्या होत्या. ते पान मी एकदम रंगात येऊन वाचलं आणि वर बघितलं तर सर झोपलेले.

मी थांबले तसे जागे झाले. "कुठं होतो?"

"खामकाठी."

"मग तिथं निशाणी कर."

"नाही सर! ती औषधाची झोप आहे. ती नाही धरायची."

"झोपेला कारण विचारायचं नसतं."

"सर, हे पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान आहे!"

"म्हणून तर," सर म्हणाले. "सुंदर लिहायचं म्हणून लिहिलंय मी ते. अब्बा बोरू तासतायत आणि मी नदी दाखवत बसलो."

"मला नाही आली झोप," मी म्हणाले. "एकदाही नाही. मी नाही काढणार."

सरांनी डोळे परत मिटून घेतले. मग शाल सारखी करत म्हणाले, "ठीक. एडिटर तू आहेस. लेखकानं शेवटी एडिटरचं ऐकायचं असतं, हे पण मीच शिकवून बसलोय."

पुस्तक आलं. 'अब्बांचा बोरू'. मुखपृष्ठ गोरखनं केलं, गिरणीवरच्या त्या पाटीचा फोटो काढून, तिच्यावरून अक्षरं घेऊन. समारंभ आमच्याच व्हरांड्यात झाला, कारण सर स्टेजवर बसेनात, त्यांना बाकच पाहिजे होता. गोरखनं पहिली प्रत हातात दिली. सरांनी ती डाव्या डोळ्याच्या एकदम जवळ नेली, इतकी जवळ की नाक टेकलं. बोट शिरोरेषेवरून हळूहळू फिरवत शेवटापर्यंत नेलं.

"चढतीय," म्हणाले. बस, तेवढंच भाषण.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. मी तोवर एका प्रकाशनात लागले होते. छावणीत गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, निम्मे तर लेखकच. सरांनी कधीतरी ज्यांची पानंच्या पानं उडवली होती असे. एकेक जण डोळे पुसत सांगत होता, कुठलं प्रकरण कापलं ते! गोरख बाहेर स्कूटरपाशी उभा होता, सीटवरची धूळ हातानं पुसत.

आता खरी गोष्ट, जी सांगायला मी हे सगळं लिहायला बसले.

पप्पांना मी पुस्तक दिलं होतं तेव्हा त्यांनी ते टीव्हीच्या वर नीट ठेवून दिलं होतं. सर गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी बघते तर पप्पा पलंगावर आडवे आणि छातीवर 'अब्बांचा बोरू'! संध्याकाळी संपवलं त्यांनी. पूर्ण! ज्या माणसानं माझ्या देखत पंचांगाशिवाय काही वाचलं नाही त्यानं. "लई बेस हाय," म्हणाले. "त्यो मास्तर त्याच्या बापाशेजारी पाटी घेऊन बसतो ना, तिथं मला आपलं आण्णाच आठवले." आण्णा म्हणजे माझे आजोबा.

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पप्पा, झोप कुठं आली?"

"आली की. एकदाच." त्यांनी पानं उलटली, बोट ठेवलं. "हितं. ही नदी काय संपंचना बघ. म्हशी काय, धूर काय. मी म्हणलं, आरं त्या म्हाताऱ्याच्या हातात बोरू हाय, त्यो काय लिव्हतोय ते सांग ना."

मी ते पान बघतच राहिले. माझं स्टेटसवालं पान.

कोणाला सांगू? ज्यांना सांगायचं ते तर नव्हते. मी चाचींना फोन लावला. सगळं सांगितलं, पप्पा, शिफ्ट, म्हशी. पलीकडं काही आवाजच नाही, मला वाटलं रडतायत की काय. आणि मग चाची जोरात हसल्या.

"वो नदी वाला पन्ना? अगे बेटा, इनो मेरेकू सबसे पहले वोच सुनाए थे, शादी के नए नए दिन में. मैं भी सोई थी!"

आम्ही दोघी फोनवर किती वेळ हसत होतो. मग हसता हसता चाची म्हणाल्या, "हौ, उनकू मालूम था," आणि फोन ठेवला.

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. काल फाईल उघडली. खामकाठची संध्याकाळ सिलेक्ट केली आणि माझं बोट डिलीटच्या बटणावर नुसतंच राहिलं. मग दाबलं. नदी गेली, म्हशी गेल्या, धूर गेला. आता अब्बा बोरू तासतात, शाईत बुडवतात आणि लगेच पुढच्या ओळीत रशीदच्या पाटीशेजारी कागद ओढून पाटीवरचा तो अ पहिल्यांदाच बोरूनं काढतात.

मी तेवढं एकच पान प्रिंट केलं आणि घरी घेऊन गेले. पप्पा नुकतेच शिफ्टवरून आले होते, बूटसुद्धा काढले नव्हते. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली, एक हात भिंतीला टेकवून, दुसऱ्यात कागद. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले, कागद उलटून बघितला, मागं कोरा होता.

"पुढचं पान कुठंय?" म्हणाले.